आपले आणि परके: शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची ओळख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी ‘आरोग्याविषयी काही तरी बोला’ असा निरोप पाठविला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिरलो आणि सगळे आयुष्य खडूच्या भुकटीत गेले. परंतु चिटणीसांचे म्हणणे असे पडले की, डॉक्टरमंडळी बोलू लागली की अर्धी सभा चहाला उठते. तेव्हा जो चौथीच्या मुलांना समजावू शकतो त्यानेच बोलावे. हा मान आहे की टोमणा, हे मला अद्याप कळलेले नाही. असो.

विषय मात्र मी माझ्या मनाचा निवडला आहे. २०२० सालच्या साथीपासून आपल्या घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो: ‘‘गुरुजी, नातवाची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काय द्यावे?’’ विचारणाराच्या हातात बहुधा एखादी बाटली किंवा चूर्णाचा डबा असतो आणि त्याला माझ्याकडून केवळ होकार हवा असतो. ह्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे रांजणातले पाणी. कमी झाले तर भरावे, आणि काठोकाठ भरलेले उत्तम. हे गृहीत चुकीचे आहे, असे मी आज आपणांस सांगणार आहे. शरीराच्या ह्या व्यवस्थेचे खरे काम आपले कोण आणि परके कोण हे ओळखण्याचे आहे. एकदा भेटलेला शत्रू स्मरणात ठेवणे आणि काम झाले की हत्यार खाली ठेवणे, हीही तिचीच कामे. ह्या तिन्ही गोष्टी बाटलीतून मिळत नाहीत.

आरंभ वेशीपासून करू. आपली कातडी ही पहिली तटबंदी. ती शाबूत आहे तोवर बहुतेक जंतूंना आत शिरकाव नाही. डोळ्यांतील अश्रू, तोंडातील लाळ, नाकातील शेंबूड ह्यांचे आपणांस कौतुक वाटत नाही. परंतु त्यांत जंतूंचे कवच विरघळविणारे एक द्रव्य असते. पेनिसिलिनमुळे पुढे जगद्विख्यात झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी ते १९२२ साली शोधले, तेही सर्दी झालेल्या नाकातील स्रावातच. श्वासनलिकेत अतिसूक्ष्म केसांची झालर असते. ती अहोरात्र हलत राहून आत आलेली धूळ वर ढकलते. विडी-सिगारेटचा धूर प्रथम ह्या झालरीलाच लुळी करतो. अन्नाबरोबर पोटात गेलेल्या जंतूंना जठरातील आम्ल गाठते. येथवरच्या पहाऱ्यात ओळख-पाळख काही नाही. जो येईल त्याला अडवायचे, एवढेच.

आता बाभळीचा काटा पायात मोडला, असे समजा. आपणांपैकी ज्यांचे बालपण गावी गेले त्यांना पुढचे सांगावयास नको. काट्याभोवती लाली येते, जागा गरम होते, सुजते आणि ठणकते. दोन दिवसांनी पू होतो. आपण ह्यास विकार समजतो. वस्तुतः ती लढाई आहे. ती प्रथम ओळखली इल्या मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने, आणि तीही काट्याच्याच साहाय्याने. १८८२ साली तो सिसिली बेटावरील मेसिना गावी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील शिकविलेली माकडे पाहावयास गेली असता हा एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसून तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्ले न्याहाळीत होता. त्याच्या मनात आले की, ह्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी कदाचित परक्या वस्तूवर चाल करून जात असतील. बागेतील गुलाबाचे काटे तोडून त्याने त्या पिल्लांच्या अंगात खुपसले. रात्रभर त्यास झोप आली नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! ह्या शोधाबद्दल त्यास पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

ह्याच त्या पांढऱ्या पेशी. रक्त तपासण्याचा कागद आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा हातात धरला आहे. त्यावर ‘डब्ल्यूबीसी’ म्हणून जो आकडा असतो तो ह्यांचाच. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ह्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांत सर्वांत मोठी संख्या ‘न्यूट्रोफिल’ ह्या पेशींची. हाडांच्या पोकळीतील मज्जेत त्या जन्मतात, फार थोडा काळ जगतात, जखमेकडे सर्वांआधी धावतात, जंतूंना गिळतात आणि तेथेच मरतात. गळवातून निघणारा पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेते होत. त्यांच्या मागोमाग मोठ्या भक्षकपेशी येतात. त्या जंतू खातात, प्रेतेही खातात, आणि त्याखेरीज एक महत्त्वाचे काम करतात: खाल्लेल्या शत्रूचा एखादा तुकडा आपल्या अंगावर मिरवीत इतरांस दाखवितात. हा तुकडा दाखविण्याचा प्रकार ध्यानात ठेवावा. पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे.

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते. आपल्या आया तिला अवधाण म्हणत आणि बिब्ब्याचा किंवा चुन्याचा ठिपका लावीत. अवधाण हे शरीराच्या चावडीवर भरलेल्या बैठकीचे चिन्ह आहे. मान, काख, जांघ, पोट अशा ठिकाणी लसिकाग्रंथी नावाच्या शेकडो लहान गाठी असतात. तो तुकडा घेऊन निघालेल्या पेशी ह्या गाठींत येऊन पोहोचतात आणि तेथे बसलेल्या लसिकापेशींना तो दाखवितात. ज्या पेशीला त्या तुकड्याची ओळख पटते ती दुणावू लागते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा हजारो होतात, म्हणून गाठ फुगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांनी त्यास ‘गाठीचा ताप’ हे नाव दिले ते ह्याच गाठींवरून. त्या तापात चावडीच शत्रूच्या हाती जात असे.

लसिकापेशी दोन प्रकारच्या, टी आणि बी. ‘बी’ हे अक्षर पक्ष्यांच्या शरीरातील एका पिशवीच्या नावावरून आले; ती पिशवी माणसाला नसते, तरी अक्षर चिकटून राहिले. ‘टी’ हे अक्षर थायमस ग्रंथीवरून. मराठी कोशकारांनी हिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे सुंदर नाव दिले आहे, कारण तारुण्य आले की ती लोप पावू लागते. छातीच्या मधल्या हाडामागे ती असते. १९६१ सालापर्यंत तिचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. त्या वर्षी जॅक मिलर ह्या तरुण शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून दाखविले की, तिच्यावाचून त्यांचे शरीर परके कातडेदेखील नाकारीत नाही.

मी शिक्षक, म्हणून ह्या ग्रंथीवर माझे विशेष प्रेम. ती एक शाळा आहे, आणि इतकी कडक शाळा मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. मज्जेतून आलेल्या कोवळ्या टी पेशी येथे दाखल होतात आणि त्यांच्या दोन परीक्षा होतात. आपल्या शरीरातील बहुतेक प्रकारच्या पेशींच्या अंगावर एक ओळखचिन्ह असते. ते वाचता येते की नाही, ही पहिली परीक्षा. ज्यांना वाचता येत नाही त्या निकामी. दुसरी परीक्षा उलट दिशेची: आपल्याच चिन्हाला पाहून जी पेशी खवळते ती घातकी, म्हणून तीही बाद. शंभरांतून चार-पाचच काय त्या बाहेर पडतात. नापासांना पुढच्या वर्षी बसण्याची सवलत नाही. त्यांना तेथेच मरावे लागते. आमच्या शाळेचा निकाल असा लागता तर पालकांनी शाळेला कुलूप ठोकले असते. पण येथे कच्चा विद्यार्थी सोडला तर तो घरालाच आग लावील.

ह्या शाळेतून निघालेल्या टी पेशींपैकी काही, विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशीला हेरून ठार करतात. काही साहाय्यक असतात. त्या स्वतः लढत नाहीत, पण त्यांच्या निरोपाशिवाय इतरांचे हात उठत नाहीत. एड्सचा विषाणू नेमका ह्या साहाय्यकांना मारतो. चिटणीस गेला की आपल्या मंडळाचे जे होईल तेच शरीराचे होते. माणसे सगळी असतात, पण काम निघत नाही.

बी पेशींचे काम निराळे. त्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, घडवितात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा हा प्रथिनाचा कण. त्याच्या दोन टोकांस एखाद्या विशिष्ट शत्रूचा आकार बरोबर बसतो. १८९० साली बर्लिन येथे बेरिंग आणि किटासाटो ह्यांनी दाखविले की, धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातील पाणी दुसऱ्या प्राण्यास टोचले तर त्यालाही संरक्षण मिळते. घटसर्पाने गुदमरणाऱ्या लेकरांना ह्याच उपायाने पुढे जीवदान मिळाले.

येथे एक कोडे बरीच वर्षे शास्त्रज्ञांना छळीत होते. जगात जंतू अगणित. आज नसलेले उद्या निर्माण होणारे वेगळेच. मग त्या सर्वांच्या मापाचे प्रतिपिंड शरीर आधीच कसे तयार ठेवते? तितकी जनुके तर आपल्याजवळ नाहीत. सुसुमु टोनेगावा ह्यांनी १९७६ साली ते उलगडले आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तर आपल्या वर्णमालेसारखे आहे. मुळाक्षरे पन्नासच्या आतबाहेर, पण त्यांच्या जुळणीतून शब्द अमर्याद. प्रत्येक बी पेशी घडताना आपल्या जनुकांचे तुकडे स्वतंत्रपणे जुळविते आणि एक शब्द तयार करते. आयुष्यभर तिच्यापाशी मूलतः तोच शब्द. बहुतेक शब्द कधी उच्चारले जात नाहीत. पण ज्या दिवशी तो आकार घेऊन शत्रू येतो त्या दिवशी तीच पेशी निवडली जाते आणि तिची प्रजा वाढते. ह्या निवडीला आणि वाढीला आठवडा-पंधरवडा लागतो. नव्या रोगाचे पहिले दिवस जड जातात ते ह्यामुळे. रोग हटला की बहुतेक फौज मरते, पण काही पेशी मागे उरतात. त्या स्मरणपेशी. तोच शत्रू पुन्हा आला तर त्या दोन-तीन दिवसांत सज्ज होतात. पुष्कळदा आपल्याला तो येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही.

हे स्मरण किती दीर्घ असू शकते ह्याचा एक नमुना सांगतो. उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाची बेटे आहेत. तेथे १७८१ साली गोवर आला आणि गेला. पुढे ६५ वर्षे बेटांवर गोवर नव्हता. १८४६ साली तो पुन्हा आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० माणसे आजारी पडली. डेन्मार्कच्या सरकारने पाठविलेला पानुम हा तरुण डॉक्टर घरोघर हिंडला. त्यास आढळले की, १७८१ साली ज्यांना गोवर आला होता अशा हयात म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांत त्यांना कोणी स्मरण करून दिलेले नव्हते!

रोग न भोगता हे स्मरण मिळविण्याची युक्ती म्हणजे लस. एडवर्ड जेन्नर ह्यांनी १७९६ साली गायीच्या देवीची लस एका आठ वर्षांच्या मुलास टोचली, ही कथा आपण पाठ्यपुस्तकात वाचली आहे. सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, आपल्या मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी काढलेली ती पहिली व्यक्ती. तिच्या हातावरील फोडातील लस मग इतर मुलांना देण्यात आली. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी प्लेगची लस मुंबईतच ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव चालविते. माझ्या वयाच्या मंडळींनी आपली बाही वर करून पाहावी. देवी काढल्याचा व्रण दिसेल. आमच्या मुलांच्या हातावर तो नाही, कारण १९८० साली जगातून देवीचा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्यांच्या दंडावर असते ती क्षयाच्या लसीची खूण.

‘रोग होऊन गेलेला बरा, टोचणीपेक्षा ती शक्ती अस्सल’ असे म्हणणारी माणसे आपल्यात आहेत, आणि ती अडाणी नाहीत. त्यांना माझे दोन निवेदने. धनुर्वात होऊन जो वाचतो त्याला पुन्हा धनुर्वात होऊ शकतो. कारण त्याचे विष इतके जहाल की, प्राण घेण्यास जेवढे पुरते तेवढे शरीराला ओळख पटविण्यास पुरत नाही. तेथे लसच स्मरण देते, रोग देत नाही. दुसरे गोवराविषयी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासले गेले. गोवराने इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत पुसून टाकल्याचे त्यात आढळले. म्हणजे हा रोग केवळ पुरळ उठवून जात नाही. शरीराची वहीच कोरी करून जातो. गोवर उतरल्यानंतर महिनोन्‌महिने मूल न्यूमोनियाने, अतिसाराने का आजारी पडत राहते, ह्याचे कारण आता उमगते.

नवजात बालकाची वही तर कोरीच असते. त्याची तात्पुरती सोय आई करते. गर्भात असताना वारेतून तिचे प्रतिपिंड त्याच्या रक्तात उतरतात, आणि ते पुढे काही महिने टिकतात. गोवराची लस नवव्या महिन्यापूर्वी सहसा देत नाहीत त्याचे कारण हेच. आईने दिलेले प्रतिपिंड त्या लसीलाच शत्रू समजून निष्फळ करतात. जन्मानंतरची शिदोरी चिकातून मिळते. पहिल्या दोन-तीन दिवसांचे ते घट्ट, पिवळसर दूध एका विशिष्ट प्रकारच्या प्रतिपिंडांनी भरलेले असते आणि बाळाच्या आतड्यांना आतून लेप दिल्यासारखे जपते. आपल्या घरांतून हे दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची चाल होती. होती म्हणतो, अजून काही घरी आहे. आमच्या थोरल्या मुलाच्या वेळी आमच्याच घरी असे झाले. मी त्या वर्षी शाळेत मुलांना आहारशास्त्राचा धडा शिकवीत होतो. घरात वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या आणि मी बाहेर ओसरीवर बसून राहिलो. मूल वाढले, उत्तम आहे. परंतु मी गप्प बसलो ही गोष्ट काही त्याने खोटी ठरत नाही. गायीचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरात स्वतःच्या लेकराचा चीक मोरीत ओतला गेला.

आता त्या बाटलीकडे येतो. शक्ती वाढविणे नेहमीच हिताचे असते काय? परागकण हा निरुपद्रवी. त्याला शत्रू समजून शरीर धावले की शिंका, दमा, अंगावर गांधी. ह्यासच ॲलर्जी म्हणतात. थायमसच्या परीक्षेतून निसटलेल्या पेशी आपल्याच सांध्यांवर चालून गेल्या की सांधे सुजून वाकडे होतात. स्वादुपिंडावर गेल्या की लहान वयातला मधुमेह होतो. ह्या रोग्यांची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती वाट चुकलेली आहे. करोनाच्या साथीत तर हे उघड्यावर आले. जून २०२० मध्ये इंग्लंडातील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला की, डेक्सामेथॅसोन हे स्वस्त, जुने औषध दिल्याने कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. हे औषध प्रतिकारशक्ती दाबणारे आहे! विषाणूपेक्षा त्यावर खवळलेली स्वतःचीच फौज त्या रोग्यांची फुप्फुसे जाळीत होती. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती अशांना त्या औषधाचा लाभ झाला नाही. आणि मनमानीने ते घेणाऱ्या मधुमेही माणसांवर २०२१ साली काळ्या बुरशीने कसा घाला घातला, ते आपल्यापैकी काही घरांनी सोसले आहे. त्यांची नावे मी येथे घेणार नाही.

फौजेला थोपविणाऱ्याही काही टी पेशी शरीरात असतात. शिमोन साकागुची ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९९५ साली त्या दाखविल्या तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल ह्या दोन अमेरिकन संशोधकांना ह्याच विषयासाठी मिळाले. तेव्हा जो कोणी चूर्ण विकताना ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगतो त्यास एवढेच विचारावे की, कोणत्या पेशींची? लढणाऱ्यांची की आवरणाऱ्यांची? पुरेशी झोप, डाळ-उसळ-अंडी ह्यांसारखे प्रथिनयुक्त अन्न, मधुमेह ताब्यात, तंबाखू वर्ज्य आणि वेळच्या वेळी लस, एवढ्याने ही व्यवस्था आपले काम करते. सुंठीचा काढा घशाला बरा वाटतो, मीही घेतो. त्याला मी औषध म्हणत नाही, एवढेच.

शेवटचा भाग आपल्या मंडळाशी निगडित आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. आपण येथे ‘आपली माणसे’ म्हणून जमलो आहोत. शरीराची ‘आपले’ ह्या शब्दाची व्याख्या आपल्याहून फार कडक आहे. मघाशी ज्या ओळखचिन्हाचा उल्लेख केला ते चिन्ह अर्धे आईकडून आणि अर्धे बापाकडून येते. म्हणून मुलाचे चिन्ह आईशी अर्धेच जुळते, आणि दोन सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. भावाने भावाला दिलेले मूत्रपिंडदेखील शरीर परके समजून मोडावयास निघते. ते टिकविण्यासाठी आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्या दोघांचे चिन्ह एकच होते, म्हणून शरीराने हरकत घेतली नाही.

पण रक्ताच्या कर्करोगात किंवा जन्मजात दुबळ्या प्रतिकारशक्तीत दुसऱ्याची मज्जा द्यावी लागते तेव्हा चिन्ह जितके अधिक जुळेल तितके बरे. भावंडांत जुळले नाही तर पुष्कळदा परक्यांत शोधावे लागते, आणि ते बहुधा त्याच मूळच्या लोकसमूहात सापडण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा आपल्यातील १८ ते ५० वयाच्या तरुण-प्रौढांनी अशा दात्यांच्या नोंदवहीत नाव घातले तर आपल्याच ज्ञातीतील एखाद्या लेकराला त्याचा उपयोग होण्याचा संभव आहे. मंडळाने वधूवरांच्या याद्या इतक्या निगुतीने केल्या; ही एक यादी करावयास हरकत नसावी. नोंदीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवितात. त्यात दुखण्यासारखे काही नाही.

वधूवरांचा विषय निघालाच आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्यात आहे. माझ्याही घराण्यात ती झाली आहे, म्हणून मी हे कोणास उद्देशून बोलत नाही. चुलत, आते, मामे भावंडांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा समान असतो. घराण्यात लपून राहिलेला एखादा दोष दोघांकडून मुलाकडे येण्याचा धोका त्यामुळे वाढतो. आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचे काही भयंकर दोष नेमके ह्या रीतीने येतात. टी पेशीच नसलेले मूल पहिल्या वर्षातच एकामागून एक आजारांनी खंगत जाते आणि घरची मंडळी दृष्ट काढीत बसतात. ज्या घरात लागोपाठ दोन बालके अशी गेली असतील त्या घराने तिसऱ्यापूर्वी जनुकांच्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

मुलींविषयीही एक शब्द. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो, आणि त्याची लस आता पुण्यातच तयार होते. ९ ते १४ ह्या वयात, विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी ती द्यावयाची असते. ‘इतक्या लहान मुलीला कशाला?’ हा प्रश्न आजीबाईंकडून आला की मी त्यांना फेरो बेटांची गोष्ट सांगतो. आधी ओळख पटवून ठेवली तरच ती पुढे कामी येते.

रक्ताचे म्हणाल तर शरीर ज्ञाती पाहत नाही, गट पाहते. कार्ल लँडस्टायनर ह्यांनी १९०१ साली ए, बी आणि ओ हे गट मांडले. आणि १९५२ साली आपल्याच मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक असे रक्त आढळले की, ते ओ गटाचे दिसे, पण ओ गटाच्या रक्तालाही परके मानी! त्यास जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. हिंदुस्थानात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो, आणि नात्यात विवाह होणाऱ्या समूहांत अधिक आढळतो. अशा माणसाला तशाच माणसाचे रक्त चालते. सख्ख्या बापाचेदेखील चालेलच असे नाही.

बाहेरच्या ओसरीवर कार्यकर्त्यांनी रक्तगट तपासण्याची सोय केली आहे. मी सकाळीच बोट टोचून घेतले. माझा गट बी निघाला. ज्यांच्या कागदावर ‘ओ’ लिहून येईल त्यांनी तेथील तंत्रज्ञास ‘अँटी-एच लावून पाहिले काय?’ एवढे विचारावे. साध्या तपासणीत बॉम्बे गट ओ म्हणूनच नोंदला जाऊ शकतो. चार वाजता ती मंडळी आवरणार आहेत, म्हणून मी आता थांबतो.